आईबापांच्या हातात चार पैसे जास्त आले, तर मुलांची हेळसांड कमी होते का?

दाराला बाहेरून कुलूप आणि आत चार वर्षांचं पोर एकटंच रडतंय. असा व्हिडिओ फिरायला लागला की खालच्या कमेंट्स ठरलेल्या असतात. ‘सांभाळता येत नाही, तर जन्माला घालता कशाला?’ आई त्या वेळी कुठे होती, हे फारसं कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी ते विचारलं. तिथल्या सरकारी नोंदींत अत्याचारग्रस्त ठरलेल्या मुलांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलं हेळसांडीची असतात. म्हणजे खाणं, औषधपाणी किंवा देखरेख न मिळालेली. यातलं बरंचसं पैशावर आणि वेळेवर अडतं. मग पैसे वाढवून पाहिले तर?

गरीब आणि श्रीमंत घरांची नुसती तुलना करून याचं उत्तर मिळत नाही, कारण त्यांच्यात शंभर फरक असतात. पण विस्कॉन्सिन राज्यात १९९७ मध्ये एक प्रयोगच सुरू झाला. सरकारी मदत घेणाऱ्या एकट्या आयांच्या मुलांसाठी वडिलांकडून जी पोटगी यायची, त्यातला काही भाग सरकार स्वतःकडे ठेवायचं. प्रयोगात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही आयांना पूर्ण रक्कम दिली आणि बाकीच्यांना कापून. दोन्ही गटांच्या उत्पन्नातला फरक किरकोळच होता. तरी पूर्ण पोटगी मिळालेल्या घरांबद्दलची तक्रार चौकशीपर्यंत जाण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी कमी निघाली.

२०१७ मधला दुसरा अभ्यास किमान वेतनावर आहे. तासाचं किमान वेतन एक डॉलरने वाढलं, तेव्हा हेळसांडीच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः बारा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दिसली, मोठ्या मुलांमध्ये ठळक नाही.

पैशाइतकाच वेळही महत्त्वाचा. तान्ही बाळं दीड-दोन महिन्यांची असताना सर्वांत जास्त रडतात. झोप न झालेला, वैतागलेला माणूस अशा वेळी बाळाला गदागदा हलवतो आणि मेंदूला जीवघेणी इजा होते. कॅलिफोर्नियात २००४ पासून बाळाच्या देखभालीसाठी आई आणि बाप दोघांनाही पगाराचा काही भाग देणारी रजा मिळू लागली. त्यानंतर अशा इजांमुळे दवाखान्यात दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण घटलं. अशी रजा नसलेल्या सात राज्यांशी तुलना करून हा निष्कर्ष काढलाय.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे कोविडच्या काळात आपल्याला पाठ झालेल्या सीडीसीने, २०१६ मध्ये मुलांवरचे अत्याचार रोखण्याच्या उपायांची यादी काढली. त्यात पहिलं नाव कुटुंबाच्या आर्थिक आधाराचं आहे. पालकांना शिकवणं त्यानंतर येतं.

याचा अर्थ गरीब आईबाप वाईट, असा कुणी काढू नये. बहुतेक गरीब घरांत मुलं जिवापाड जपली जातात आणि बंगल्यांतही मारहाण होते. शिवाय गरिबाच्या घरावर शेजाऱ्यांची, शाळेची नजर जास्त असते, त्यामुळे तक्रारीही जास्त होतात. वर दिलेले दोन आकडे तक्रारींचेच आहेत. बंद दाराआड काय झालं, ते सगळं त्यांत येत नाही.