सेकंदाला 19 हजार रुपये

पीएम-किसान सन्मान निधीसाठी केंद्र सरकार वर्षाला साधारण 60 हजार कोटी रुपये बाजूला काढते. वर्षात सेकंद असतात 3 कोटी 15 लाख 36 हजार. भागाकार करून पाहा: दर सेकंदाला 19 हजार रुपये. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावातल्या एका शेतकरी कुटुंबाचा अख्ख्या वर्षाचा वाटा 6 हजार, म्हणजे या हिशेबात सेकंदाचा तिसरा हिस्साही भरत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये 21वा हप्ता सुटला. सुमारे 9 कोटी खाती, 18 हजार कोटी रुपये. पाचशेची नोट 15 सेंटिमीटर लांब असते. एका घराच्या 4 नोटा ओळीने मांडल्या तर जेमतेम 60 सेंटिमीटर होतात. सगळ्या घरांच्या 36 कोटी नोटा मांडल्या तर ओळ 54 हजार किलोमीटरची होईल. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर 40 हजार किलोमीटर आहे. पृथ्वीला सव्वा वेढ्याहून जास्त गुंडाळणाऱ्या या रकमेतून एका कुटुंबाला दिवसाला मिळतात 16 रुपये 44 पैसे.

त्यातही सरहद्द आडवी येते. लाटंबार्सेला लागून महाराष्ट्रातले दोडामार्ग. डोंगर तोच, काजू तोच, पाऊसही तोच. पण महाराष्ट्राने 2023 मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू केला आणि पलीकडच्या पात्र कुटुंबाला केंद्राच्या 6 हजारांवर राज्याचे आणखी 6 हजार मिळू लागले. गोव्याने पैसा वेगळ्या वाटेने दिला आहे, तो आधारभूत किमतीतून. 2023 च्या अर्थसंकल्पात काजूबियांची ही किंमत किलोला 125 वरून 150 रुपये झाली. बाजारात दर पडला की मधला फरक सरकार भरून देते. समजा 110 चा दर मिळाला आणि एखाद्या बागायतदाराने 500 किलो बी विकली, तर फरकाचेच 20 हजार रुपये होतात. सन्मान निधीचे तीन वर्षांचे हप्ते एकत्र केले तरी एवढे भरत नाहीत. मला ही वाट अधिक न्यायाची वाटते, कारण इथे पैसा पिकामागून येतो.

सर्वांत मोठी रक्कम मात्र खात्यात कधी दिसतच नाही. 45 किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. बाकीचा खर्च सरकार सोसते. 2022-23 मध्ये जगभर खतांचे भाव भडकले तेव्हा देशाचे खत अनुदान अडीच लाख कोटींवर गेले. सन्मान निधीच्या चौपट! पण हे अनुदान गोणीमागे आहे. जो जास्त गोण्या ओततो, त्याला ते जास्त पोचते. चार वाफे भात आणि डोंगरउतारावर काजू असलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते.

एवढ्या कोटींची गाडी गावात येऊन अडते ती एका कागदापाशी. सन्मान निधी मिळतो तो जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला. गोव्यात त्यासाठी एक-चौदाचा उतारा लागतो. आपल्याकडे कितीतरी उताऱ्यांवर अजून वारलेल्या आजोबा-पणजोबांची नावे आहेत, हिस्सेदार मुंबईपासून परदेशापर्यंत पांगलेले आहेत. कुळांचे दावे वर्षानुवर्षे चालतात. 1976 च्या कूळ कायदा दुरुस्तीने कसणाऱ्याला मालक मानले, पण मालकी उताऱ्यावर चढल्याशिवाय हप्ता सुटत नाही. जो प्रत्यक्ष चिखलात उतरतो तोच यादीबाहेर राहतो, हे मला या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

म्हणून लाटंबार्सेतल्या, डिचोली-पेडण्यातल्या प्रत्येक शेतकरी घराला विनंती आहे: पुढच्या हप्त्याची वाट पाहण्याआधी आपला एक-चौदा काढून वाचा. नाव जुने असेल तर म्युटेशनचा अर्ज घाला, आधार आणि बँक खाते जोडलेले आहे का ते पाहा, ई-केवायसी पूर्ण करा. आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे जमत नसेल, तर त्याच्यासोबत कृषी कार्यालयात जा.