ट्रक घ्या, पण पारखून घ्या
बैल घेताना आपण दात मोजतो. मग ट्रक घेताना नुसता रंग पाहून कसे भागेल?

मालक दोनच वर्षांत ट्रक का विकतो, हे आधी विचारा. आर. सी. बुक मागा. त्यातला नंबर चासीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहा. नवा रंग, नवे वेल्डिंग दिसले, तर अपघाताची शंका धरा. मीटरवर किलोमीटर थोडे, पण क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत? मग मीटर मागे फिरवले असेल.

आर. सी. बुकात कर्जाचा बोजा आहे का, तेही पाहा. असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर बँक ट्रक ओढून नेईल. पैसाही जाईल, ट्रकही जाईल.