नोकरी शोधताय? आधी शंभर पानी वही घ्या!



दुकानात आणि क्लासला येणारी पोरं-पोरी एकच प्रश्न विचारतात, "सर, कुठं जागा आहे का?" मी उलटं विचारतो, "महिनाभरात किती ठिकाणी जाऊन आलास?" उत्तर बहुतेक वेळा दोन किंवा तीन असतं. बाकीचे दिवस मोबाईलवर जाहिराती बघण्यात जातात.

नोकरी शोधणं हा पण धंदाच आहे. तुमचं काम हा माल, कंपनी हे गिऱ्हाईक. दुकानदार उधारीची वही ठेवतो, कारण कुणाकडं किती राहिलं हे डोक्यात राहत नाही. नोकरीचंही तसंच आहे. आजच्या व्हिडिओतले मुद्दे इथं लिहून देतोय.

1. आधी अंतर आणि खर्च मांडा

बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. जाऊन-येऊन रोज 100. गाडीचं अॅव्हरेज 50 धरलं तरी रोज दोन लिटर पेट्रोल, 26 दिवसांचं 52 लिटर. म्हणजे पाच हजारांच्या वर गेले. पगार 15 हजार असेल तर तिसरा हिस्सा रस्त्यावरच संपला! म्हणून एसटीचा पास, कंपनीची बस किंवा तिथंच खोली, हा हिशोब आधी करा. घरापासून किती लांब जायचं ते ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

2. आपल्या भागात काम कुठं आहे?

पुण्याला जायच्या आधी आपला भाग नीट बघा.

- बारामती एमआयडीसी: पियाजिओची तीनचाकी वाहनं, भारत फोर्ज, फेरेरोची चॉकलेटं, श्रायबर डायनामिक्सची डेअरी, शिवाय टेक्स्टाईल पार्क.
- इंदापूर तालुका: वालचंदनगरची अवजड इंजिनीअरिंग कंपनी, भिगवणचा कागद कारखाना, लोणी देवकर एमआयडीसी, सोनाई दूध.
- साखर कारखाने: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं. त्यामुळं हंगामी कामाची चौकशी पावसाळ्यातच करा. मोळी पडल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो.

मोठ्या नावांवर थांबू नका. त्यांना सुटे भाग, पॅकिंग, वाहतूक, कॅन्टीन पुरवणारे छोटे व्यावसायिकही वहीत लिहा. बी.कॉम. झालेल्यांनी टॅक्स सल्लागार, पतसंस्था आणि खत-औषधांचे होलसेलर विसरू नयेत. एकूण 30 नावं झाली पाहिजेत.

3. वहीत पाच रकाने

कंपनीचं नाव. कुणाला भेटलो. तारीख. काय म्हणाले. परत कधी जायचं.

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "सध्या जागा नाही" म्हणजे कायमचा नकार नव्हे. आमच्या दुकानातला पोरगा अचानक काम सोडतो तेव्हा मी जाहिरात देत नाही, पंधरा दिवसांपूर्वी विचारून गेलेला आठवतो. म्हणून दर तीन आठवड्यांनी नम्रपणे परत विचारा.

4. आत जायची तीन दारं

थेट भरती हे पहिलं. दुसरं अप्रेंटिसशिप. 30 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला कायद्यानं अप्रेंटिस घ्यावे लागतात. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा आणि राज्याच्या महास्वयं पोर्टलवरही. तिसरं दार ठेकेदाराचं. त्यात कमीपणा नाही, पण हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका:

- हातात किती येणार? आठ तासांचे की बारा तासांचे?
- पीएफ कापणार का? यूएएन नंबर द्या.
- ईएसआयसी आहे का? (पगार 21 हजारांपर्यंत असेल तर हे विचाराच.)
- पगाराची स्लिप मिळेल का?

पीएफ खरंच भरला जातोय का हे उमंग अॅपवर पासबुकात दिसतं. दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

5. मेळाव्याच्या भरवशावर राहू नका

मार्च 2024 मध्ये बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या आवारात नमो महारोजगार मेळावा झाला. असे मेळावे चांगलेच, जरूर जा. पण मेळावा दोन दिवसांचा असतो आणि वर्षाचे बाकीचे दिवस तुमचे असतात.

6. नोकरीसाठी पैसे? सरळ नाही म्हणा

"रजिस्ट्रेशन फी भरा", "युनिफॉर्मचे आधी पाठवा", "साहेबांना द्यावे लागतात" असं ऐकलं की फोन ठेवा. घरच्यांनी ऊस-दुधाचे पैसे साठवलेले असतात, ते असेच जातात. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

आठवड्याचा प्लॅन

सोमवार ते गुरुवार रोज दोन ठिकाणी प्रत्यक्ष जायचं. शुक्रवारी जुन्या ठिकाणी फोन. शनिवारी ऑनलाइन अर्ज. रविवारी वही उघडून बघायची: कुठं बोलावलं, कुठं नाही, कशामुळं? सगळे टॅली किंवा एक्सेल विचारत असतील तर पुढचा महिना ते शिका.

महिन्यात 30 ठिकाणी जाऊन आलात की नोकरी मिळेलच अशी गॅरंटी मी देत नाही. पण नेमकं कुठं अडतंय ते लिहून समोर येईल, आणि घरी "काय करतोस दिवसभर?" असं विचारलं तर वही पुढं ठेवता येईल.

आज रात्रीच पहिली दहा नावं लिहा. उद्या सकाळी दोन ठिकाणं. चला, कामाला लागा!