पिता कोण, वय किती? अमेरिकी ‘सोप ऑपेरा’तील न मिटणारे दोन वाद

अमेरिकेतील दुपारच्या दैनंदिन मालिकांपैकी बहुतेक आता बंद पडल्या आहेत. त्यांच्या जुन्या चाहत्यांमधील दोन वाद मात्र अद्याप शमलेले नाहीत. पहिला वाद पितृत्वाचा : अमुक पात्राचा खरा पिता कोण, आणि अनेक वर्षांनी तो बदलण्याचा अधिकार लेखकाला आहे का? दुसरा वाद वयाचा : नायक आणि नायिका यांच्यात पंधरा, वीस किंवा पंचवीस वर्षांचे अंतर असेल तर त्या नात्याला प्रेम म्हणायचे की आणखी काही? वरवर पाहता हे करमणुकीचे विषय वाटतात. प्रत्यक्षात रक्ताचे नाते, वारसा, संमती आणि घरातील सत्ता यांविषयी समाजाच्या धारणा कशा बदलत गेल्या, याची नोंदच या वादांतून सापडते.

साबणाच्या जाहिरातीतून जन्मलेला प्रकार

‘सोप ऑपेरा’ हे नाव या कार्यक्रमांच्या प्रायोजकांवरून पडले. १९३० मध्ये शिकागोच्या रेडिओवर इर्ना फिलिप्स यांची ‘पेंटेड ड्रीम्स’ ही मालिका सुरू झाली. गृहिणी दुपारी रेडिओ ऐकतात हे लक्षात आल्यावर ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’सारख्या साबण उत्पादकांनी अशा मालिकांना पैसा पुरवला. फिलिप्स यांचीच ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ मध्ये संपली. एकच कथा बहात्तर वर्षे चालणे हा या प्रकाराचा स्वभाव किती वेगळा आहे, याचा पुरावा आहे.

आठवड्याला पाच आणि वर्षाला सुमारे अडीचशे भाग लिहायचे तर लेखकाला न संपणारे इंधन लागते. पितृत्वाचे गुपित हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ इंधन ठरले. त्यासाठी नवे सेट किंवा महागडी चित्रीकरणे लागत नाहीत. एक स्त्री, दोन पुरुष आणि एक मूल पुरेसे असते. गुपित पहिल्याच दिवशी प्रेक्षकाला कळते, पण पात्रांना कळत नाही. मग प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक आजारपण, प्रत्येक ‘हा अगदी वडिलांवर गेला आहे’ हे वाक्य प्रेक्षकाला अस्वस्थ करते. नवे पात्र जुन्या घराण्याशी जोडण्याचा सोपा मार्गही हाच : एखादा अनोळखी तरुण गावात येतो आणि तो घराण्यातीलच कोणाचा तरी मुलगा निघतो.

‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या १९६५ पासूनच्या मालिकेत हे तंत्र फार परिणामकारकपणे वापरले गेले. लॉरा ही मिकी हॉर्टन याची पत्नी. तिच्यावर मिकीचाच भाऊ बिल अत्याचार करतो आणि तिला मुलगा होतो. मिकीला मूल होऊ शकत नाही, हे त्याचे डॉक्टर वडील टॉम यांना ठाऊक असते. कुटुंब टिकावे म्हणून ते आणि लॉरा गप्प राहतात. हे मौन कथेत अनेक वर्षे टिकले. टॉम यांनी मुलाला वाचवले की फसवले, हा प्रश्न चाहत्यांनी त्यानंतरही सोडला नाही.

एका नायिकेच्या आयुष्यात दोन्ही वाद

हे दोन्ही प्रश्न एकाच पात्राच्या आयुष्यात पाहायचे असतील तर ‘अनदर वर्ल्ड’ (१९६४ ते १९९९) या मालिकेतील रेचेल डेव्हिस हिच्याकडे पाहावे लागेल. गरीब घरातील, महत्त्वाकांक्षी रेचेल डॉक्टर रस मॅथ्यूज याच्याशी विवाह करते; पण तिच्या पोटी येणारे मूल स्टीव्ह फ्रेम या श्रीमंत उद्योजकाचे असते. स्टीव्हचे प्रेम मात्र रसची बहीण अ‍ॅलिस हिच्यावर असते. रेचेल आधी मूल पतीचे असल्याचे भासवते आणि योग्य वेळी सत्य अ‍ॅलिससमोर उघड करते. पितृत्व येथे शस्त्र बनते. त्या काळच्या प्रेक्षकांनी रेचेलचा मनापासून तिरस्कार केला.

पुढे लेखक हार्डिंग लेमे यांनी या खलनायिकेला हळूहळू नायिका बनवले. १९७५ मध्ये तिचा विवाह प्रकाशक मॅक कोरी याच्याशी झाला. मॅकची भूमिका करणारे डग्लस वॉटसन यांचा जन्म १९२१ चा, तर रेचेल साकारणाऱ्या व्हिक्टोरिया विंडम यांचा १९४५ चा. म्हणजे अंतर चोवीस वर्षांचे. मॅकची मुलगी आयरिस हिला ही नवी ‘आई’ असह्य होते. तरीही बहुसंख्य चाहत्यांनी ही जोडी स्वीकारली. रेचेल तेव्हा अननुभवी मुलगी नव्हती. विवाह, घटस्फोट आणि मातृत्व यांतून गेलेली, मॅकशी बरोबरीने भांडणारी ती प्रौढ स्त्री होती.

या कथेतील पितृत्वाचा दुसरा अध्याय अधिक बोलका आहे. ऐंशीच्या दशकात रेचेलला मिच ब्लेक याच्यापासून मॅथ्यू हा मुलगा झाला. मॅकने त्याला आपला मुलगा म्हणून वाढवले. पहिल्या मुलाच्या वेळी खोटेपणा होता. या वेळी सत्य ठाऊक असूनही एका पुरुषाने पितृत्व पत्करले. पिता ठरतो कशावरून, रक्तावरून की वाढवण्यावरून, या प्रश्नाला मालिकेने दिलेले हे उत्तर अनेक चाहत्यांना आजही तिचा सर्वोत्तम क्षण वाटतो.

रक्तगट ते डीएनए

अशी गुपिते इतकी वर्षे टिकत, कारण विज्ञानही तेव्हा अपुरे होते. रक्तगटाची चाचणी एखादा पुरुष पिता नाही, हे सांगू शकत होती. तो पिता आहे, हे सिद्ध करू शकत नव्हती. अभिनेते चार्ली चॅप्लिन यांच्यावरील खटला याचे प्रसिद्ध उदाहरण होय. आईचा रक्तगट ‘ए’, मुलीचा ‘बी’ आणि चॅप्लिन यांचा ‘ओ’ होता. मुलीतील ‘बी’ घटक पित्याकडूनच यायला हवा आणि ‘ओ’ गटाच्या पुरुषाकडे तो नसतो. तरीही कॅलिफोर्नियातील ज्युरीने १९४५ मध्ये चॅप्लिन हेच पिता असल्याचा निर्णय दिला, कारण तेथे अशी चाचणी तेव्हा निर्णायक पुरावा मानली जात नव्हती.

ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांचे तंत्र शोधले आणि मालिकांच्या लेखकांपुढे पेच उभा राहिला. दोन दिवसांत उत्तर देणारी चाचणी असेल तर गुपित वर्षानुवर्षे टिकवायचे कसे? त्यावर उपाय निघाला तो अहवालात फेरफार करण्याचा. ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’मध्ये नव्वदच्या दशकात ब्रुक हिच्या मुलीचा, ब्रिजेटचा पिता एरिक की त्याचा मुलगा रिज, हा प्रश्न उभा राहिला. शीला कार्टर हिने चाचणीत गोंधळ घातला आणि मूल रिजचे ठरले. सत्य बाहेर आले तेव्हा पिता एरिक निघाला. तेव्हापासून अशा मालिकांत पहिला अहवाल खरा मानायचा नाही, हा चाहत्यांचा अलिखित नियमच झाला.

वारशाचा प्रश्न आला की हा खेळ अधिक गंभीर होतो. ‘द यंग अँड द रेस्टलेस’मधील अ‍ॅबट घराण्यात अ‍ॅशली ही जॉन अ‍ॅबट यांनी मुलगी म्हणून वाढवलेली, पण त्यांच्या रक्ताची नसलेली. कंपनीचे प्रमुखपद केवळ रक्ताच्या अ‍ॅबटकडेच राहील, असा नियम तिचा भाऊ जॅक पुढे करतो. सूड म्हणून ती अहवाल बदलून जॅकच अ‍ॅबट नसल्याचे भासवते. २०१८ च्या सुमाराचे हे कथानक सूडनाट्य म्हणून गाजले. पण त्यामागचा प्रश्न साधा होता. आयुष्यभर मुलगी म्हणून राहिलेल्या व्यक्तीचा हक्क एका कागदाने हिरावता येतो का?

वयाचे अवघड गणित

वयाच्या वादात पहिली अडचण मोजणीचीच असते. या मालिकांत मुले विलक्षण वेगाने वाढतात. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’मधील टॉम ह्यूज १९६१ मध्ये पडद्यावर जन्मला आणि सत्तरचे दशक उजाडेपर्यंत व्हिएतनाम युद्धातून परतलेला तरुण झाला. या प्रकाराला अमेरिकी पत्रकार मिमी टॉर्चिन यांनी ‘सोप ऑपेरातील जलद वयवाढीचा विकार’ अशा अर्थाचे गमतीदार नाव दिले. कारण व्यावहारिक आहे : लहान मुलाभोवती प्रेमकथा रचता येत नाही आणि बालकलाकारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असतात. परिणाम असा की मूल वीस वर्षांचे होते, त्याचे आईवडील मात्र तितकेच तरुण राहतात आणि कालचे ‘काका’ आज प्रियकर ठरू शकतात.

ब्रिजेटच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९९२ मध्ये जन्मलेली ही मुलगी २००० मध्ये तरुणी म्हणून पडद्यावर आली. त्यानंतर २००१ मध्ये रिज हा एरिकचा नव्हे, तर मासिमो याचा मुलगा असल्याचे उघड झाले. म्हणजे रिज आणि ब्रिजेट यांच्यात रक्ताचे नाते उरले नाही आणि लेखकांनी ब्रिजेटच्या मनात रिजविषयी आकर्षण निर्माण केले. ज्याला तिने काही काळ पिता आणि नंतर भाऊ मानले, त्याच्याविषयी हे आकर्षण अनेक चाहत्यांना घृणास्पद वाटले. डीएनए बदलला म्हणून नाते बदलत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. पितृत्वाचे वळण आणि वयाचे अंतर हे दोन वाद येथे एकमेकांत मिसळले.

अंतर वर्षांचे की सत्तेचे?

सर्वांत कडवा वाद ‘जनरल हॉस्पिटल’मधील ल्यूक आणि लॉरा यांचा. १९८१ मध्ये त्यांचा विवाह सुमारे तीन कोटी प्रेक्षकांनी पाहिला. मात्र या प्रेमकथेची सुरुवात १९७९ मध्ये ल्यूकने लॉरावर केलेल्या बलात्काराने झाली होती. ती त्याच्या हाताखाली काम करत होती. भूमिका करणाऱ्या जेनी फ्रान्सिस तेव्हा सतरा वर्षांच्या, तर अँथनी गिअरी बत्तीस वर्षांचे होते. लोकप्रियता वाढत गेली तशी त्या घटनेची भाषा सौम्य होत गेली. १९९८ मध्ये, त्यांच्या मुलाला, लकीला सत्य कळते तेव्हा, मालिकेने त्या घटनेला तिच्या खऱ्या नावाने संबोधले.

ल्यूक-लॉरा यांच्यातील अंतर पंधरा वर्षांचे आणि मॅक-रेचेल यांच्यातील चोवीस. तरीही आक्षेप पहिल्या जोडीवर अधिक. यावरून चाहत्यांचा निकष आकड्यांचा नाही, हे स्पष्ट होते. नोकरी कोणाच्या हाती आहे, कोणाला काय ठाऊक आहे आणि नकार देण्याची मुभा कोणाला आहे, हे प्रश्न ते विचारतात. पितृत्वाच्या गुपितातही हेच तीन प्रश्न असतात.

चाहत्यांना आणखी एक गोष्ट मान्य नसते : इतिहास पुसणे. ‘ऑल माय चिल्ड्रेन’ मालिकेत एरिका केन हिने १९७३ मध्ये कायदेशीर गर्भपात केला. अमेरिकी दूरचित्रवाणीवरील तो धाडसी क्षण मानला जातो. तीन दशकांनंतर लेखकांनी सांगितले की तो गर्भ डॉक्टरने दुसऱ्या स्त्रीच्या शरीरात रुजवला होता आणि जॉश नावाचा मुलगा जिवंत आहे. वैद्यकीयदृष्ट्या हे अशक्य होतेच. पण एका स्त्रीने घेतलेला निर्णय मागाहून रद्द केल्याचा संताप त्याहून मोठा होता. सुरुवातीच्या काळातील असंख्य भाग थेट प्रक्षेपित झाले किंवा त्यांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्यामुळे या मालिकांचा इतिहास मोठ्या प्रमाणात प्रेक्षकांच्या स्मरणातच उरला आहे आणि तो जपण्याबाबत ते इतके आग्रही आहेत.

भारतीय पडद्यावरील पडसाद

भारतात उपग्रह वाहिन्यांच्या आगमनानंतर स्टार प्लसवर ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आणि ‘सांता बार्बरा’ दिसू लागल्या. १९९४ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘शांती’ या दैनंदिन मालिकेच्या मुळाशीही पितृत्वाचाच प्रश्न होता. फरक इतकाच की येथे मुलगीच आईवरील अन्यायाचा जाब विचारत होती. वयवाढीसाठी भारतीय मालिकांनी वेगळा मार्ग काढला. ‘क्यूँकी सास भी कभी बहू थी’सारख्या मालिकांत एक मूल नव्हे, तर संपूर्ण कुटुंबच वीस वर्षे पुढे गेले.

मराठी प्रेक्षकांनी वयाचा वाद जवळून अनुभवला तो २०१८ मध्ये झी मराठीवर आलेल्या ‘तुला पाहते रे’ या मालिकेमुळे. चाळिशीतील उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि विशीतील ईशा निमकर यांच्या प्रेमकथेवर घराघरांत चर्चा झाली. पुढे विक्रांतच खलनायक निघाला आणि त्याच्याकडे असलेली माहिती व संपत्ती हीच खरी तफावत असल्याचे कथेने सूचित केले. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम भाषांतही ही कथा नव्याने साकारली गेली.

कायद्याची भूमिका मात्र मालिकांहून संयत आहे. वैध विवाहकाळात, किंवा विवाह संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत व आई अविवाहित असताना, जन्मलेले मूल त्या पतीचेच, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२ चे गृहीतक होते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये ते कायम आहे. या काळात पती-पत्नींचा संपर्क होणे शक्यच नव्हते, हे दाखवले तरच ते खोडता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एका प्रकरणात डीएनए अहवालाला या गृहीतकापेक्षा अधिक वजन दिले. तर २०२३ मध्ये, पती-पत्नींच्या वादात मुलाची डीएनए चाचणी सरसकट मागता येणार नाही आणि मुलाचे हित जपले पाहिजे, असे स्पष्ट केले.

पडद्यावर चाचणीचा लिफाफा उघडला की भाग संपतो आणि कॅमेरा मोठ्यांच्या चेहऱ्यांवर स्थिरावतो. ज्याच्याविषयी तो लिफाफा असतो, ते मूल बहुधा शेजारच्या खोलीत झोपलेले असते. चाहत्यांच्या दीर्घ वादाचे मोल हेच की, भाग संपल्यावरही ते त्या मुलाची बाजू विचारत राहिले.