नुआधिबू : लोखंड आणि माशांवर जगणारं वाळवंटी बंदर

मॉरिटानियाच्या वायव्य टोकाला एक चिंचोळं भूशिर अटलांटिक महासागरात शिरलं आहे. त्याची पश्चिमेकडची बाजू पश्चिम सहाराची, पूर्वेकडची मॉरिटानियाची. या पूर्वेकडच्या बाजूला, आखाताच्या आडोशाला नुआधिबू वसलं आहे. फ्रेंच अमलात त्याला पोर्त-एत्येन म्हणत. आज राजधानी नुआकशॉटच्या खालोखाल देशातलं हे दुसरं मोठं शहर आहे.

मॉरिटानियाचं क्षेत्रफळ १० लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, पण त्यातला बहुतेक भाग सहाराने व्यापलेला. बारमाही नदी एकच, दक्षिण सीमेवरची सेनेगाल. भातशेती होते ती तिच्याच काठी. १९६० साली फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या या देशाने मग कमाई शोधली ती डोंगरात आणि समुद्रात. दोन्हींचा माल नुआधिबूच्या धक्क्यावर येतो.

झुएरातच्या परिसरात लोहखनिजाचे डोंगर आहेत. तिथून बंदरापर्यंत सुमारे ७०० किलोमीटरचा एकेरी लोहमार्ग १९६३ पासून चालू आहे. खाणी आधी परदेशी कंपनीच्या हाती होत्या. १९७४ मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आज ‘स्निम’ ही कंपनी त्या चालवते. दोनशेहून अधिक वाघिणींची इथली मालगाडी अडीच किलोमीटरपर्यंत लांब असते आणि जगातल्या सर्वांत लांब, अवजड गाड्यांमध्ये गणली जाते. वाटेतल्या वस्त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा हाच मुख्य दुवा. माणसं, शेळ्या, धान्याची पोती असं सगळं या गाडीने जातं. कित्येक प्रवासी तर उघड्या वाघिणीत, खनिजाच्या ढिगावर तोंडाला फडकं बांधून बसतात.

दुसरी कमाई पाण्यातली. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात ढकलतात आणि त्याच्या जागी खोलवरचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवकं पोसली जातात आणि प्लवकांवर मासे. मात्र हेच थंड पाणी वरची हवाही गार ठेवतं, ढग उंच चढत नाहीत आणि पाऊस फारच कमी पडतो. समुद्र भरलेला ठेवणारं हे थंड पाणीच किनाऱ्याच्या कोरडेपणातही भर घालतं.

या भागातली सर्वांत किमती पकड म्हणजे ऑक्टोपस. लहान होड्यांतले मच्छीमार दोरीला प्लॅस्टिकची मडकी बांधून ती तळाशी सोडतात. आसरा शोधणारा ऑक्टोपस आपणहून त्यात शिरतो. हा माल गोठवून जपान आणि स्पेनला जातो. दक्षिणेला बाँ दार्गँ राष्ट्रीय उद्यान आहे. १९८९ पासून ते जागतिक वारसास्थळ असून हिवाळ्यात लाखो स्थलांतरित पाणपक्षी तिथल्या उथळ पाण्यात उतरतात. उद्यानाच्या हद्दीत इमराग्वेन समाजाला मासेमारीची मुभा आहे, पण इंजिनाविना, शिडाच्या होडीतून. समुद्राला उसंत देणारा हा नियम मोलाचा आहे. कारण बाहेरच्या पाण्यात परदेशी जहाजं मोठ्या प्रमाणावर मासे उपसतात, आणि किनाऱ्यावरचे कारखाने गोरगरिबांच्या ताटातला स्वस्त मासा दळून, त्याची भुकटी खाद्य म्हणून परदेशी पाठवतात.

नुआधिबूची खरी अडचण इथेच आहे. खनिज कच्चं जातं, मासा गोठवून किंवा भुकटी होऊन जातो आणि दोन्हींचा भाव दूरच्या बाजारात ठरतो. लोहखनिजाचे दर कोसळले की सरकारी तिजोरीला लगेच झळ बसते. गोडं पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखात कारखानदारी उभी करणं सोपं नाही, हे खरं. पण इथे ऊन आणि वारा मुबलक आहे आणि त्यांवर वीज करता येते. त्या विजेवर खनिजाचं लोखंड आणि माशाचं टिकाऊ अन्न इथेच झालं, तर या बंदरातली कमाई देशातल्या माणसांच्या हाती पडेल. मॉरिटानियाने आता याच कामाला सर्वांत आधी हात घालायला हवा.