दवाखान्यात वय आणि गाव बरोबर सांगा



मागच्या महिन्यात आपल्या एका सभासदाच्या घरची मावशी कॅन्सरच्या उपचाराला मुंबईला गेली. कागद बघायला माझ्याकडे आले. वय लिहिलेलं 45, खरं साठीच्या जवळ. पत्ता भाच्याचा, वापीचा. उपचार अडला नाही. पण रांध्याची केस कागदावर वापीची झाली. त्याने काय बिघडतं, ते आज लिहितो.

आपण मासळी लिहिताना नुसतं "50 किलो" लिहीत नाही. रोहू किती, कटला किती, लहान किती, मोठा किती, सगळं लिहितो. त्यावरून पुढच्या वर्षी बोटुकली किती सोडायची ते ठरतं.

कॅन्सरची नोंदही तशीच. 0 ते 4, 5 ते 9 असे पाच-पाच वर्षांचे गट करतात. प्रत्येक गटात माणसं किती, रुग्ण किती, ते बघतात. वय वाढतं तसा हा आजार वाढतो. ज्या गावातली तरुण पोरं कामाला बाहेर गेली, तिथे आकडा मोठा दिसणारच. म्हणून वयाचा हिशेब लावल्याशिवाय दोन गावांची तुलना करता येत नाही. आणि रुग्ण उपचार कुठेही घेवो, मोजायचा तो राहत्या गावात.

आपल्या देशात अशी नोंद 1963 साली मुंबईत सुरू झाली. खेड्यातली पहिली नोंद 1987 ची, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. लोक दवाखान्यात येत नव्हते, म्हणून कार्यकर्तेच गावोगाव फिरले. लक्षणं समजावली, रुग्ण शोधले. बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त निघाला. हळूहळू बायका आजार वाढायच्या आधी येऊ लागल्या.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. 2009 साली निकाल आला. ज्या गटाला एचपीव्हीची एकच तपासणी दिली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू बाकीच्यांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. योग्य वयात तपासणी झाली तर जीव वाचतो, तो असा.

नोंदीत गाव दिसलंच नाही, तर इथे आजारच नाही असं वाटतं. मग शिबिर कोण लावणार?

म्हणून एवढं करा:

1. केसपेपरवर आधार कार्ड बघून वय लिहा, अंदाजाने नको.
2. पत्ता राहत्या गावाचाच द्या. नातेवाईकाचा फक्त फोन नंबर द्या.
3. घरी मृत्यू झाला तरी नोंद करा, आजाराचं नाव सांगा.
4. तिशी ओलांडली की सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. सगळ्यांनी तोंडाची, बायकांनी स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाचीही.
5. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर थांबू नका.

कागद भरायला अडचण आली तर सोसायटीच्या ऑफिसात या, बसून भरू.

आपला,
सेक्रेटरी