हत्तीपायाचा मोजा : आधी मोजा, मग घ्या



आंबिया बहाराची संत्री विकली गेली, हातात चार पैसे आले, म्हणून आपल्या भागातील एका घरी मुलाने आईसाठी औषधांच्या दुकानातून दाबाचा मोजा आणला. आईचा डावा पाय कितीतरी वर्षांपासून सुजलेला. लुगड्याचा काठ खाली ओढून ती तो झाकून ठेवी. मोजा आणला तो संध्याकाळी. दुकानदाराने मुलाकडे चौकशी केली आणि अंदाजाने 'मोठा' आकार दिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोज्याचा वरचा काठ गुडघ्याखाली दोरीसारखा रुतला, घोट्यावर चुण्या पडल्या, बोटे फुगली. तिसऱ्या दिवशी मोजा पेटीत गेला. पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की, 'मोज्याने काही होत नाही' ही समजूत त्या घरात कायमची बसली.

दोष मोज्याचा नव्हता आणि आईचाही नव्हता. माप न घेता मोजा घेतला, एवढीच चूक झाली. ती दुसऱ्या घरी होऊ नये म्हणून हा लेख.

सूज का येते?

संत्र्याच्या बागेत आपण पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर काढतो. काळ्या जमिनीत चर बुजला की पाणी साचते, मुळे कुजतात, झाडाला डिंक्या लागतो. शरीराचेही असेच आहे. रक्तवाहिन्यांतून थोडे पाणी सतत मांसात पाझरत असते. ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या वेगळ्या असतात. त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. ह्या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंतींचे आकुंचन, आतील झडपा आणि चालताना स्नायूंचा पडणारा दाब ह्यांवर पाणी वर चढते.

हत्तीरोगाचा कृमी नेमका ह्याच नळ्यांत घर करतो. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. मोठे कृमी नळीत सहा ते आठ वर्षे जगतात आणि झडपा निकामी करतात. कृमी मेले तरी बुजलेला चर आपोआप मोकळा होत नाही. म्हणूनच पाय एकदा जाड झाला की केवळ गोळ्यांनी तो पूर्ववत होत नाही.

शेजारच्या नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा रोग जुना आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्यावर अनेक वर्षे संशोधन झाले. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम झाली. ह्या गोळ्या रोगाचा प्रसार थांबविण्यासाठी आहेत. मोहीम आपल्या गावी आली तर गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात. परंतु सुजलेल्या पायासाठी निगा वेगळी लागते, आणि दाबमोजा हा त्या निगेचा एक भाग आहे.

स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढल्या असतील तर हाताला अशीच सूज येऊ शकते. त्यासाठी मोज्याऐवजी दाबाची बाही मिळते. पुढील बहुतेक नियम तिलाही लागू आहेत.

प्रथम डॉक्टर, मग दुकान

प्रत्येक सूज हत्तीपायाची नसते. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्ताची कमतरता हे कारण असू शकते. एक पाय एकाएकी सुजला व पोटरी दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढील माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबमोजा मुळीच घालू नये :

१. ज्यांचे पाऊल थंड पडते, बोटे निळसर होतात किंवा थोडे चालताच पोटरीत गोळा येऊन थांबावे लागते. त्यांच्या पायाला रक्तपुरवठाच कमी असण्याचा संभव आहे. वरून दाब दिल्यास जखम होऊन बोट गमवावे लागेल. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

२. ज्यांना मधुमेह आहे व तळपाय बधिर झाला आहे. मोजा रुतला तरी त्यांना कळणार नाही.

३. ज्यांना हृदयविकार आहे व आडवे पडले की दम लागतो.

४. ज्यांच्या पायावर उघडी जखम आहे किंवा पाय लाल, गरम व दुखरा होऊन थंडीताप आला आहे.

डॉक्टर पावलाची नाडी बोटांनी पाहतात. गरज वाटल्यास डॉपलर यंत्राने तपासतात. ही तपासणी जरूर करून घ्यावी.

मोजा सूज धरून ठेवतो, उतरवत नाही

संपूर्ण लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. उतरलेली सूज पुन्हा चढू न देणे, हे मोज्याचे काम. आधीच भरलेला पाय मोज्यात कोंबला तर तो मोजा टिकत नाही आणि पायही सुधारत नाही. तेव्हा आपला पाय कोणत्या पायरीवर आहे हे प्रथम पाहावे.

अंगठ्याने नडगीवर काही क्षण दाबून धरावे. खड्डा पडत असेल आणि रात्री पाय उंच ठेवून झोपल्यावर सकाळी सूज ओसरत असेल, तर ही पहिली पायरी. येथे योग्य मापाचा तयार मोजा बहुधा पुरतो.

सकाळीही सूज ओसरत नसेल व पाय घट्ट लागत असेल, तर ही दुसरी पायरी. येथे आधी काही आठवडे दाबपट्टी बांधून पाय बारीक करावा लागतो. ही पट्टी कमी ताणाची असते. ती थरांनी, पावलापासून वर बांधतात. शिकलेल्या माणसाकडूनच ती बांधून घ्यावी व नंतर घरच्यांनी शिकून घ्यावी. साधी क्रेप पट्टी लवकर सैल होते आणि घसरते. ती ह्या कामाची नाही.

कातडी जाड झाली, घड्या पडल्या, चामखिळीसारखे गोळे आले, तर ही तिसरी पायरी. अशा पायाला दुकानातील तयार मोजा घेऊ नये. तो घडीत शिरून कातडी कापतो. येथे दाबपट्टी किंवा चिकटपट्ट्यांनी कमी-जास्त घट्ट करता येणारे आवरण आणि त्यानंतर मापावर विणलेला मोजा, हाच मार्ग.

दाब किती?

मोज्याचा दाब रक्तदाबाप्रमाणेच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. चांगल्या मोज्याचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त असतो व वर जाताना कमी होत जातो.

पाकिटावर 'क्लास १', 'क्लास २' असे लिहिलेले असते. येथे पुष्कळांची फसगत होते, कारण देशादेशांचे क्लास वेगळे आहेत. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर. ब्रिटिश पद्धतीत क्लास २ म्हणजे केवळ १८ ते २४. म्हणून क्लास न विचारता मिलिमीटर विचारावेत व डॉक्टरांनी चिठ्ठीवर आकडाच लिहावा असा आग्रह धरावा. जास्त दाब म्हणजे जास्त गुण, असेही समजू नये. जो मोजा रोज घातला जाईल तोच गुण देतो. म्हातारी माणसे, अशक्त हात आणि नाजूक कातडी असेल तर हलक्या दाबापासून सुरुवात करणे बरे.

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयात घालावयास देतात ते पांढरे मोजे खाटेवर पडून असलेल्या रोग्यासाठी असतात. ते घरी आणून हत्तीपायाला वापरू नयेत.

वीण कोणती?

दाबमोजे दोन प्रकारांनी विणतात. एक गोल वीण. तिला शिवण नसते, कापड पातळ व ताणणारे असते, किंमतही कमी. फुगलेल्या शिरांसाठी आणि पहिल्या पायरीच्या सुजेसाठी ती चालते. दुसरी सपाट वीण. तिला मागे शिवण असते, कापड जाड व कडक असते. ती पायाच्या आकाराप्रमाणे टाके कमी-जास्त करून विणतात. म्हणून वेडावाकडा पायही तिच्यात नीट बसतो व ती घडीत शिरत नाही. ती महाग पडते, पण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या पायाला तीच योग्य. स्वस्त मोजा घेऊन पेटीत ठेवण्यापेक्षा महाग मोजा घेऊन वापरणे हे शेवटी स्वस्तच.

माप कसे घ्यावे?

माप सकाळी, उठल्याबरोबर, पाय खाली सोडण्यापूर्वी घ्यावे. पट्टी बांधत असाल तर ती सोडताक्षणी घ्यावे. संध्याकाळचे माप घेऊ नये. शिंप्याची टेप वापरावी. ती कातडीला टेकलेली असावी, ओढलेली नसावी. पुढील मापे तारखेसह वहीत लिहावीत :

१. पावलाचा घेर, बोटांच्या मुळाशी.
२. घोट्याच्या वर, जेथे पाय सर्वांत बारीक आहे तेथील घेर.
३. पोटरीच्या सर्वांत जाड जागेचा घेर.
४. गुडघ्याखाली दोन बोटे सोडून घेर.
५. टाचेपासून ह्या शेवटच्या जागेपर्यंतची उंची.
६. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पावलाची लांबी.

सूज मांडीपर्यंत असेल तर मांडीचेही माप लागते व मोजाही मांडीपर्यंतचा लागतो. दोन्ही पायांची मापे निरनिराळी घ्यावीत. दुकानात पाकिटावरील तक्त्याशी सर्व मापे जुळवून पाहावीत. घोट्याचे माप एका आकारात आणि पोटरीचे दुसऱ्यात पडत असेल, तर तयार मोजा आपल्यासाठी नाही, असे समजावे.

घालणे, धुणे, जपणे

मोजा सकाळी घालावा. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडा करावा. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवावे, मग थोडा थोडा वर सरकवावा. घरकामाचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते आणि नखांनी वीण उसवत नाही. वरचा काठ कधीही दुमडू नये. दुमडला की तेथे दाब दुप्पट होतो. पहिल्या दिवशी दोन-तीन तासच घालावा व रोज वेळ वाढवावा. रात्री काढून ठेवावा आणि मग कातडीला तेल किंवा मलम लावावे.

बोटे निळी किंवा पांढरी झाली, मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा दुखू लागले, तर मोजा ताबडतोब काढावा. कामावर असाल तरी थांबून काढावा.

मोजा रोज सौम्य साबणाने धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. उन्हात रबर मरते. म्हणून दोन मोजे असावेत, एक अंगावर आणि एक वाळत. रोज वापरलेल्या मोज्याचा जोर सुमारे सहा महिन्यांत जातो. मग तो दिसायला चांगला असला तरी बदलावा, आणि त्या वेळी माप पुन्हा घ्यावे.

वावरात जाताना मोज्यावर सुती मोजा आणि पायात बंद बूट घालावा. पऱ्हाटीच्या खुंट्या आणि संत्र्याचे काटे मोजाही फाडतात आणि कातडीही. वैशाखाच्या उन्हात मोजा नकोसा होतो हे खरे. त्या दिवसांत काम पहाटे उरकावे आणि दुपारी पाय उंच करून पडावे.

पाणी आणि साबण विसरू नका

हत्तीपाय वाढतो तो बहुधा वरचेवर येणाऱ्या तापाच्या झटक्यांनी. पायाला भेग पडते, बेचक्यांत चिखल्या होतात, तेथून जंतू शिरतात. मग थंडीताप येतो, जांघेत अवधाण येते आणि प्रत्येक झटक्यानंतर पाय अधिक जाड होतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात डॉ. जेरूसा द्रायर ह्यांनी रोज पाय धुण्याने हे झटके कमी होतात हे दाखवून दिले. आपल्या देशात केरळातील कासारगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी ह्या संस्थेने पाय धुणे, त्वचेची निगा, आयुर्वेद, योगासने आणि दाबपट्टी ह्यांची सांगड घालून उपचार बसविले आहेत.

झटका आला असता मोजा व पट्टी काढावी, पाय उंच ठेवावा, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात व डॉक्टरांकडून औषध घ्यावे. पाय चोळू नये, शेकू नये, डागू तर मुळीच नये.

सरकारी कार्यक्रमात नोंद झालेल्या रोग्यांना टब, मग, साबण, टॉवेल व मलम असा संच देतात. आरोग्य केंद्रात आपले नाव नोंदविले आहे की नाही ते आशाताईंना विचारावे. पाय झाकून ठेवला तर नाव नोंदविले जाणार नाही. हा रोग पापाचे फळ नाही, कोणाचा शाप नाही. तो डासाने आणला आहे. लाजण्याचे कारण नाही.

ज्यांच्या घरी असा मोजा पेटीत पडून असेल त्यांनी तो फेकू नये. उद्या सकाळी उठल्याबरोबर टेप घ्यावी, पाय मोजावा, वही आणि तो मोजा दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावे. कदाचित तोच मोजा पुढे उपयोगी पडेल. कदाचित दुसरा घ्यावा लागेल. पण ह्या खेपेस तो अंदाजाने घेतलेला नसेल.